शाळेकडचा ब्लिंकर शाळेच्या वेळेलाच पेटू दे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

शाळेजवळ सौर ब्लिंकर, म्हणजे उन्हावर चालणारे लुकलुकते इशाऱ्याचे दिवे, बसवावेत, असा ठराव आमच्या ग्रामसभेत नुकताच एकमताने मंजूर झाला. शेजारच्या पंचायतींतही हीच मागणी चालू असल्याचे ऐकतो. मागणी रास्त आहे. पण सभेत बोलणे झाले ते दिवे किती, फंड कोणाचा आणि उद्घाटनाला कोण, एवढ्यावरच. दिवा कधी पेटायचा, हे कोणी विचारले नाही. मी विचारले, तर एक पंच म्हणाले, "काका, ब्लिंकर म्हणजे चोवीस तास चालू. त्यात कधी काय?" लोक उठायला लागले होते, चहा आला होता. तिथे राहून गेले ते इथे लिहितो.

मी वीज खात्यात लाइनमन होतो. निवृत्तीनंतर नातीला शाळेत सोडणे आणि आणणे हे माझे खाते. शाळा फोंडा तालुक्यातली. नाव लिहीत नाही, कारण अशा शाळा गोव्यात जागोजागी आहेत. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला उघडे गटार, मधे अरुंद डांबरी रस्ता आणि वळण संपते न संपते तोच शाळेचे फाटक. पूर्वी या रस्त्याने कदंबची बस, सायकलवरचा पाववाला पोदेर आणि गावच्या स्कूटरी एवढेच जायचे. आता महामार्गावर कोंडी झाली की मोबाइलवरचा नकाशा काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या आमच्या दारावरून काढतो. त्या पाहुण्यांना पुढे शाळा आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही, म्हणून दिवा हवाच.

पण कसा? याच रस्त्यावर पुढच्या तिठ्यावर काही वर्षांपूर्वी एक ब्लिंकर बसला. कोणी बसवला ते इथे नको. तो पहाटे तीनला लुकलुकायचा, रविवारी लुकलुकायचा, भर मे महिन्यात रस्त्यावर कुत्रे नसताना लुकलुकायचा. गावच्या एका ट्रकवाल्याला मी विचारले, दिवा दिसतो ना, मग हळू का करत नाहीस? तो म्हणाला, "काका, तो दिवो सदांच पेटता मरे." उद्धटपणा नव्हता त्यात. रोज बघून त्याच्या लेखी त्या दिव्याचा अर्थ उरला नव्हता, इतकेच. पुढे दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी बसली आणि दिवा विझला, तेव्हा त्याच्या गाडीच्या वेगात काही फरक पडला नाही. आता त्या खांबाला वाढदिवसाचे बॅनर बांधतात.

माझा भाचा सिडनीला असतो. तिकडे न्यू साऊथ वेल्स राज्यात शाळेजवळ वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर, पण ती शाळेच्या दिवशीच आणि साधारण सकाळी ८ ते ९.३० आणि दुपारी २.३० ते ४ या वेळातच. तेवढ्याच वेळात पाटीवरचे दिवे लुकलुकतात. एरवी पाटी नुसती उभी असते आणि रस्ता नेहमीच्या वेगाने चालतो. अमेरिकेतही शाळेच्या वेगमर्यादेच्या पाटीवर "दिवा लुकलुकत असताना" अशी ओळ असते आणि वर-खाली दोन पिवळे दिवे. मर्यादा लागू आहे की नाही, हे तिथे दिवाच सांगतो. दिवा पेटला म्हणजे आत्ता, या क्षणी, मुले रस्त्यावर आहेत. इतका नेमका अर्थ असेल तरच आमचा ट्रकवाला ब्रेकवर पाय ठेवील.

आमच्याकडे प्राथमिक शाळा सकाळी आठला भरते आणि एकच्या सुमारास सुटते. त्याच आवारातली अंगणवाडी साडेबाराला सुटते. अर्धा किलोमीटर पुढचे हायस्कूल दीडला. म्हणजे सकाळी साडेसात ते सव्वाआठ आणि दुपारी सव्वाबारा ते पावणेदोन, एवढा वेळ दिवा पेटला की काम झाले. सव्वादोन-अडीच तास. मुले वर्गात बसून पाढे म्हणत असताना रिकाम्या रस्त्यावर दिवा लुकलुकत ठेवणे म्हणजे ड्रायव्हरला खोटे सांगणे. दोनदा खोटे ठरले की तिसऱ्यांदा तो बघत नाही.

वेळेचा फायदा आणखी एका बाजूने आहे आणि तो माझ्या धंद्यातला आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो. दोन एलईडी दिवे धरा, प्रत्येकी ५ वॅटचे. लुकलुकत असल्याने प्रत्येक जण निम्मा वेळ पेटलेला, म्हणजे दोघांचे मिळून सरासरी ५ वॅट. चोवीस तास चालवले तर दिवसाला १२० वॅट-तास लागतात. खांबावर सहसा १२ व्होल्ट, २० अँपियर-तासाची सीलबंद लेड बॅटरी असते. ती भरलेली असताना २४० वॅट-तास देते, पण तिला निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे वापरता येण्याजोगे १२० वॅट-तास. ऊन नसेल तर एक दिवस. आता आमचा जुलै आठवा. आठ-आठ दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही, पॅनेलवर शेवाळ धरते, वर फणसाचे पान पडून चिकटते. बॅटरी रोज तळाला जाते आणि एक-दोन पावसाळ्यांत तिचे आयुष्य संपते. तिठ्यावरच्या ब्लिंकरचे नेमके तेच झाले असणार. तोच दिवा अडीच तास चालवला तर दिवसाला साडेबारा वॅट-तास पुरतात. आतल्या कंट्रोलरचे खाणे त्यात धरले तरी एकही ऊन न पडता आठवडाभर चालेल. जो पैसा मोठ्या पॅनेलला आणि मोठ्या बॅटरीला घालायचा, तो चांगल्या टायमरला घाला.

आणि सौरच हवे असा हट्ट तरी कशाला? शाळेसमोर विजेचा खांब असतोच. त्यावर रस्त्याच्या दिव्यांची जी वेगळी तार असते, तिच्यात वीज फक्त रात्री असते. लोकांना वाटते, मग दिवसाच्या ब्लिंकरला तिचा काय उपयोग. उपयोग आहे. रात्रभर तिच्यावर छोटी बॅटरी चार्ज करायची आणि सकाळी बॅटरीवर ब्लिंकर चालवायचा. पॅनेल नको, शेवाळ नको, फणसाची फांदी तोडायला शिडी नको. पावसात झाड पडून रात्रभर लाइन गेली तरी दुसऱ्या दिवशी दिवा चालू राहतो. ज्या वाड्यावर रस्त्याचे दिवेच नाहीत तिथे सौर ठीक. तिथे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, पंधरा अंशांच्या आसपास कललेले आणि झाडाच्या सावलीबाहेर असावे. मी पाहिलेल्या एका पॅनेलचे तोंड उत्तरेला आहे. बसवणाऱ्याने रस्त्यावरून छान दिसावे म्हणून तसे केले असेल.

टायमरविषयी. मोबाइलवरून चालू-बंद होणारी, सिमकार्ड घातलेली यंत्रे आता मिळतात. चांगली आहेत. पण रिचार्ज कोणी भरायचा यावरून पंचायत आणि खाते यांच्यात पत्रव्यवहार सुरू होईल आणि तोवर दिवा बंद राहील, हे मी लिहून देतो. आम्हाला साधा आठवडी टायमर पुरे. रविवारी आपोआप बंद. खांबावर हात पोचेल अशा उंचीला कुलपाच्या पेटीत एक स्विच. एक चावी मुख्याध्यापकांकडे, दुसरी पालक-शिक्षक संघाकडे. चतुर्थीची सुट्टी लागली, बंद. दिवाळी, नाताळ, मे महिना, बंद. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सकाळी सुट्टी जाहीर केली, तरी बंद. परीक्षेच्या दिवसांत मुले लवकर सुटतात तेव्हा तोच स्विच हाताने चालू. शाळेचा शिपाई हे काम घंटेबरोबर करू शकतो. मात्र स्वस्त टायमरचे घड्याळ महिन्याला मिनिटभर इकडेतिकडे सरकते. वर्षभर कोणी हात लावला नाही तर दहा-बारा मिनिटांची चूक होते आणि सकाळी मुले रस्त्यावर आली तरी दिवा पेटलेलाच नसतो. आतली बटणाएवढी बॅटरी संपली तर वेळच पुसली जाते. शाळा सुरू होताना आणि चतुर्थीनंतर घड्याळ जुळवायचे, असे टायमरच्या पेटीच्या आतल्या बाजूला मराठीत लिहून चिकटवावे.

दिव्याचा रंग पिवळाच हवा. लुकलुकता लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे सावधपणे पुढे. लाल-निळे चमकणारे काहीतरी बाजारातून आणून लावू नये. लुकलुकण्याची गतीही ठरलेली हवी. अमेरिकेच्या नियमावलीत मिनिटाला ५० ते ६० वेळा असे आहे, म्हणजे साधारण सेकंदाला एकदा. आमच्याकडे बसवलेले काही ब्लिंकर इतके थरथरतात की गणपतीवरच्या माटोळीभोवती सोडलेल्या रोषणाईच्या माळा वाटाव्यात. डोळ्याला त्रास तेवढा होतो, अर्थबोध होत नाही.

आता जागा. सहसा खांब शाळेच्या फाटकासमोर रोवतात, कारण तिथे फोटो चांगला येतो. ड्रायव्हरच्या दृष्टीने तोवर उशीर झालेला असतो. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. दिवा दिसणे, तो कशाचा हे कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात दोन सेकंद गेले तर २८ मीटर तिथेच संपले. मग मागच्याला धडक न बसेल अशा बेताने वेग ३० वर आणायला आणखी तीसेक मीटर. म्हणजे मुले जिथे रस्ता ओलांडतात त्याच्या साठ मीटर तरी आधी खांब हवा. गाड्या साठने येतात तिथे पंच्याऐंशी मीटर. आणि दोन्ही दिशांना. आमच्याकडे एका बाजूला साठ मीटरवर वळणच आहे. तिथे खांब वळणाच्या अलीकडे, म्हणजे गाडी वळण घेण्याआधीच दिसेल असा, घ्यावा लागेल. ज्या घराच्या गडग्याला लागून तो येईल, त्यांची संमती आधी घ्यावी लागेल. हे कागदावर नकाशा बघून कळत नाही. जानेवारीत मोकळी दिसणारी जागा ऑगस्टमध्ये पानांत बुडालेली असते, तेही नाही.

"मुले जिथे रस्ता ओलांडतात" असे मुद्दाम लिहिले. आमची मुले फाटकासमोर ओलांडतच नाहीत. वरच्या वाड्यावरची मुले देवळाच्या पायऱ्यांवरून उतरतात आणि दुकानासमोर ओलांडतात, कारण दुकानात चॉकलेटे आहेत. बालरथ, म्हणजे शाळेची बस, थांबतो त्याच्या मागून काही मुले पळतात. उभ्या बसला ओव्हरटेक करणाऱ्याला ती दिसत नाहीत आणि मुलांना तो दिसत नाही. सहा-सात वर्षांच्या पोराला येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. गाडी लांब आहे एवढेच त्याला कळते. त्याला "बघून जा" सांगून आपली जबाबदारी संपत नाही. झेब्रा पट्टे आणि दिवे दुकानाकडे हवेत, फाटकाकडे नकोत. आणि बालरथचा थांबा पंचवीस-तीस पावले पुढे सरकवला तर निम्मे काम दिव्याशिवायच होईल. यासाठी निविदा लागत नाही.

पालकांविषयी लिहिले नाही तर अर्धवट होईल. दुपारी एकला फाटकासमोर दोन्ही बाजूंनी स्कूटरी आणि गाड्या उभ्या असतात, इंजिन चालू, तोंडे दोन्ही दिशांना. मुले त्यांच्या मधून बाहेर येतात. गर्दीला नावे ठेवणारेही आपणच आणि गर्दी करणारेही आपणच. या गर्दीत दिव्याचा खांब झाकला जाणार, म्हणून दिवे बसच्या टपावरून दिसतील इतक्या उंचीवर लावा म्हणणारे आहेत. मी म्हणतो, गाड्या देवळाच्या मैदानात उभ्या करा. चालत यायला दोन मिनिटे लागतात.

कायद्याचे थोडक्यात. पाटीवर नुसता ३० लिहून तो आकडा कायद्याचा होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ खाली तिथली वेगमर्यादा अधिसूचित व्हायला हवी आणि कलम ११६ खाली पाटी लागायला हवी. हे झाले नाही तर चलन फाडणाऱ्या पोलिसाला वकील पहिला प्रश्न तोच विचारील. ३० हा आकडाही हवेतला नाही. मुले, सायकली आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी ३० ही कमाल मर्यादा ठेवावी, असे फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आहे. त्याहून कमी ठेवली तरी माझी तक्रार नाही. पाटीवरची ओळ मराठीत, कोंकणीत की इंग्रजीत यावरून कृपया सहा महिने घालवू नयेत. गोव्यात तो वाद कधीही काढता येतो. वर मुलांचे चित्र, खाली लाल वर्तुळात आकडा आणि त्याखाली जागा असेल तितक्या भाषा.

दिवा लागला की सगळे हळू होतील असे मी मानत नाही. काही जण होतील. वळणापाशी त्याच्या जोडीला उंचावलेले झेब्रा क्रॉसिंग हवे, ज्यावरून गाडीला सावकाशच जावे लागते. रम्बलर, म्हणजे रस्त्यावरचे आडवे उंचवटे, मात्र नको. त्यावर दुचाकी थरथरते आणि शेजारच्या घरात रात्रभर झोप लागत नाही, मग तेच लोक अर्ज करून ते उखडून घेतात. आणि सुरुवातीचे काही आठवडे दिव्याच्या वेळेत एक वाहतूक पोलीस उभा राहिला, तर दिवा पेटला की पोलीस असतो, असे लोकांच्या डोक्यात बसेल. नंतर पोलीस नसला तरी चालते काही काळ.

निविदा निघेल तेव्हा त्यात देखभाल लिहा. दिवा बसवून बिल उचलले आणि ठेकेदार पुढच्या गावी गेला, असे व्हायला नको. पाच वर्षे देखभाल त्याच्याकडे आणि पैशाचा एक भाग दर वर्षी दिवा चालू असल्याचे मुख्याध्यापकांनी सही करून दिल्यावर. खांब जस्त चढवलेला घ्या. नुसता रंगवलेला खांब आमच्या हवेत बुडापासून गंजतो. बॅटरीची पेटी वर, चोराच्या हाताला न लागणारी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पडते, पण शिशाच्या बॅटरीपेक्षा किती तरी जास्त टिकते, म्हणून पाच वर्षांच्या हिशेबात ती स्वस्तच. खांबाला अर्थिंग करा. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात वीज पडते तेव्हा पहिला बळी अशा पेट्यांचाच जातो. आणि प्रत्येक खांबावर एक क्रमांक आणि एक फोन नंबर. तो नंबर कोणीतरी उचलायला हवा, हे वेगळे लिहावे लागते याची खंत आहे.

खांबांच्या जागा ठरवायला जे साहेब येतील त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला, रिकाम्या रस्त्यावर टेप लावून जाऊ नये. शाळेच्या दिवशी सव्वाबाराला यावे, दुकानासमोर उभे राहावे आणि दीडचे हायस्कूल सुटेपर्यंत हलू नये. शक्य असेल तर पावसात यावे, कारण छत्री पुढे धरून पळणाऱ्या मुलाला काही दिसत नाही. छत्री नसेल तर माझ्याकडे जास्तीची आहे. टायमर जुळवायला कोणी मिळाला नाही, तर तेही काम मी विनामोबदला करून देईन.

पत्र लांबले. जागेअभावी कापायचे झाल्यास पालकांवरचा परिच्छेद कापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, फोंडा